शैक्षणिक तंत्रज्ञान परिषदेनंतर सहभागींचा अभिप्राय कसा घ्यावा

तालुका किंवा जिल्हा पातळीवरच्या शैक्षणिक तंत्रज्ञान परिषदेचा शेवट बहुधा एकाच पद्धतीने होतो. पावणेपाच वाजलेले असतात, आभारप्रदर्शन लांबलेले असते, दूरच्या गावचे शिक्षक एसटी गाठण्यासाठी पिशव्या आवरत असतात आणि त्याच गडबडीत स्वयंसेवक रांगांमधून अभिप्राय पत्रके वाटत फिरतात. मी पहिल्यांदा अशा परिषदेच्या संयोजन समितीत होतो तेव्हा आमच्याकडे भरलेल्या पत्रकांचा चांगला जाडजूड गठ्ठा जमला होता. बहुतेक पत्रकांवर ‘अतिउत्तम’ या रकान्यात वरून खाली एका सरळ ओळीत खुणा होत्या आणि शेवटच्या मोकळ्या जागेत ‘नियोजन सुंदर, भोजन उत्तम, असे उपक्रम वारंवार व्हावेत’ अशा आशयाचा मजकूर होता. एका पत्रकाच्या मागच्या कोऱ्या बाजूला मात्र कोणीतरी पेन्सिलीने लिहिले होते : ‘आमच्या गटात बारा जणांत एक टॅब होता. मी तो हातात घेतलाच नाही.’ पुढच्या वर्षीच्या नियोजनात त्या गठ्ठ्यातले हे एकच वाक्य कामी आले, आणि तेसुद्धा आम्ही विचारलेल्या कोणत्याही प्रश्नाचे उत्तर नव्हते.

हे मार्गदर्शन अशी परिषद किंवा कार्यशाळा पहिल्यांदाच भरवणाऱ्या शिक्षकांसाठी, केंद्रप्रमुखांसाठी (केंद्र म्हणजे जवळपासच्या शाळांचा गट) आणि संस्थांच्या कार्यकर्त्यांसाठी आहे. आपल्याकडे अभिप्राय गोळा करण्यातली खरी अडचण तंत्राची नसून भिडेची आहे. ज्यांनी बोलावले, जेवू घातले आणि प्रमाणपत्र दिले, त्यांच्याविषयी उणे लिहायला माणूस कचरतो. खाली सांगितलेल्या बहुतेक गोष्टी ही भीड कशी कमी करता येईल, याच विचारातून आलेल्या आहेत.

पहिली पायरी : आधी निर्णय ठरवा, मग प्रश्न

अभिप्रायाचे काम परिषदेच्या निदान तीन आठवडे आधी सुरू व्हायला हवे. संयोजन समितीने एका बैठकीत अर्धा तास काढून, परिषद झाल्यावर आपल्या हातात कोणकोणते निर्णय असणार आहेत, एवढेच कागदावर लिहावे. पुढच्या वेळी परिषद एक दिवसाची ठेवायची की दोन दिवसांची, समांतर सत्रे किती ठेवायची, प्राथमिक आणि माध्यमिक शिक्षकांना एकत्र बसवायचे की वेगळे, बाहेरून तज्ज्ञ बोलवायचे की तालुक्यातल्याच जाणत्या शिक्षकांना सत्रे द्यायची, प्रात्यक्षिकासाठी उपकरणे किती लागतील, अशा प्रकारचे चार-पाच निर्णय सहज निघतात. त्यानंतर पत्रकातला प्रत्येक प्रश्न यातल्या एखाद्या निर्णयाशी जोडून पाहावा, आणि ज्याच्या उत्तराने कोणताच निर्णय बदलणार नाही तो प्रश्न निर्दयपणे काढून टाकावा. सभागृह एकाच संस्थेचे मिळते आणि पुढच्या वर्षीही तेच मिळणार असेल, तर ‘सभागृह कसे वाटले’ असे विचारून माणसांचा वेळ घेण्यात अर्थ नाही. तिथे मागच्या रांगेला पडदा दिसला का, आवाज पोहोचला का, हे विचारावे, कारण ते आपल्याला सुधारता येते.

याच बैठकीत सत्र घेणाऱ्या मार्गदर्शकांना काय कळवायचे तेही ठरवून घ्यावे. आपल्या सत्राबद्दल अभिप्राय घेतला जाणार आहे, तो आपल्यालाच खासगीत दिला जाईल आणि त्याची क्रमवारी लावून कोठेही जाहीर केली जाणार नाही, हे त्यांना आधी माहीत असले पाहिजे. हे न सांगता घेतलेल्या अभिप्रायामुळे चांगले सुलभक (म्हणजे सत्र घेणारे मार्गदर्शक) पुढच्या वर्षी निमंत्रण टाळतात.

दुसरी पायरी : कोणत्या दिवशी काय कळू शकते

प्रशिक्षणाच्या मूल्यमापनासाठी अमेरिकेतील डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी १९५९ मध्ये मांडलेली चार पातळ्यांची चौकट आजही सगळीकडे वापरली जाते. पहिली पातळी म्हणजे सहभागींची प्रतिक्रिया, दुसरी म्हणजे त्यांना नवे काय समजले किंवा करता येऊ लागले, तिसरी म्हणजे कामावर परतल्यावर त्यांनी प्रत्यक्षात काय बदलले, आणि चौथी म्हणजे त्या बदलाचा अंतिम परिणाम. शाळेच्या संदर्भात चौथी पातळी मुलांच्या शिकण्याची आहे. नव्या संयोजकाच्या दृष्टीने या चौकटीचा उपयोग एवढाच की, परिषद संपताना भरून घेतलेल्या पत्रकातून पहिली पातळी कळते, दुसरीचा थोडा अंदाज येतो आणि तिसरी मुळीच कळत नाही. ती कळण्यासाठी सहा ते आठ आठवड्यांनी पुन्हा विचारावे लागते. चौथ्या पातळीचा दावा तर करूच नये. एका दिवसाच्या परिषदेमुळे मुलांचे वाचन सुधारले, असे अहवालात लिहिणे म्हणजे पहिल्या पावसाच्या सरीनंतर विहीर भरल्याचे सांगण्यासारखे आहे.

तेव्हा अभिप्राय तीन वेळा घ्यायचा असे सुरुवातीलाच गृहीत धरावे : प्रत्येक सत्रानंतर एक छोटी चिठ्ठी, परिषदेच्या शेवटी मुख्य पत्रक, आणि दीड-दोन महिन्यांनी तीन प्रश्नांची विचारपूस. तिन्ही जमणार नसेल तर सत्राची चिठ्ठी सोडून द्यावी. शेवटची विचारपूस मात्र सोडू नये.

तिसरी पायरी : प्रश्न लिहिणे

या पायरीला सर्वांत जास्त वेळ द्यावा. मुख्य पत्रकात आठ ते दहा प्रश्न पुरेत आणि ते चार मिनिटांत भरून व्हायला हवेत. त्याहून लांब पत्रक असले की पाचव्या प्रश्नापासून खुणा एका ओळीत पडू लागतात.

सर्वांत आधी आपल्याकडची नेहमीची श्रेणी बाजूला ठेवावी. ‘अतिउत्तम, उत्तम, चांगले, समाधानकारक’ या चारही पर्यायांत नापसंतीला जागाच नाही; ज्याला सत्र अजिबात आवडले नाही तोही फार तर ‘समाधानकारक’पर्यंत खाली उतरतो. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ रेन्सिस लिकर्ट यांनी १९३२ मध्ये मांडलेली श्रेणी पाच पायऱ्यांची होती आणि तिचे मर्म तिच्या समतोलात आहे : सहमतीच्या दोन पायऱ्या, असहमतीच्या दोन आणि मध्ये एक तटस्थ. ‘पूर्ण सहमत, सहमत, सांगता येत नाही, असहमत, पूर्ण असहमत’ असे पर्याय ठेवले की नापसंती दाखवायला सभ्य वाट मिळते. त्याशिवाय ‘मी या सत्राला उपस्थित नव्हतो’ असा वेगळा पर्याय असलाच पाहिजे. तो नसला तर न पाहिलेल्या सत्रांनाही लोक मनाने गुण देतात.

शून्य ते दहा गुण देऊन ‘ही परिषद आपण सहकाऱ्याला सुचवाल का’ असे विचारण्याची पद्धत कंपन्यांच्या जगातून आलेली आहे. ती २००३ मध्ये अमेरिकी व्यवस्थापन सल्लागार फ्रेड रायकेल्ड यांनी मांडली. तिच्यात ९ आणि १० देणारे ते प्रशंसक, ७ आणि ८ देणारे तटस्थ, तर ० ते ६ देणारे सगळे नाराज धरले जातात, आणि प्रशंसकांच्या टक्केवारीतून नाराजांची टक्केवारी वजा करून एक आकडा काढतात. शिक्षकांच्या परिषदेत ही पद्धत वापरू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. ज्या माणसाने आयुष्यभर ६० टक्क्यांना प्रथम श्रेणी आणि ७५ टक्क्यांना विशेष प्रावीण्य म्हटलेले आहे, तो दहापैकी ६ गुण देतो तेव्हा त्याच्या मनात पहिला वर्ग असतो आणि हिशोबात मात्र तो नाराजांमध्ये मोजला जातो. शिवाय वरून पत्र आले म्हणून परिषदेला आलेल्या शिक्षकाला ‘सुचवाल का’ हा प्रश्न मुळात लागूच होत नाही.

प्रश्न लिहिताना आणखी एक चूक हटकून होते. ‘सत्र उपयुक्त आणि रंजक होते का?’ हे दोन प्रश्न आहेत. रंजक होते पण उपयोगाचे नव्हते, असे वाटणाऱ्याने कोठे खूण करावी? जिथे ‘आणि’, ‘व’, ‘तसेच’ आले असेल तिथे थांबून प्रश्न फोडावा किंवा त्यातला एक भाग गाळावा.

भीड कमी करण्याचा सर्वांत परिणामकारक उपाय म्हणजे मत विचारण्याऐवजी घडलेली गोष्ट विचारणे. ‘प्रात्यक्षिक कसे वाटले?’ याला ‘छान’ हेच उत्तर येणार. त्याऐवजी ‘प्रात्यक्षिकाच्या वेळी उपकरण किती वेळ आपल्या स्वतःच्या हातात होते?’ असे विचारून ‘अजिबात नाही, पाच मिनिटांपेक्षा कमी, पाच ते पंधरा मिनिटे, त्याहून जास्त’ असे पर्याय द्यावेत. यात कोणावरही टीका करावी लागत नाही आणि आपल्याला नेमके ते कळते. त्याच धर्तीवर ‘आज दाखवलेल्या साधनांपैकी कोणते आपल्याला आधीपासून येत होते?’ हा प्रश्न सत्राची पातळी बरोबर होती की नाही, हे ‘सत्राची पातळी योग्य होती का?’ या प्रश्नापेक्षा अधिक खात्रीने सांगतो. पाठ्यपुस्तकातला क्यूआर कोड स्कॅन करून दीक्षा या सरकारी शैक्षणिक ॲपवरचा घटक उघडणे, हे ज्यांना काही वर्षांपासून येते त्यांच्यापुढे तेच तासभर दाखवले गेले असेल, तर या एका प्रश्नात ते उघड होते.

मोकळे प्रश्न दोनच ठेवावेत. पहिला : ‘येत्या आठवड्यात आपल्या वर्गात यातली कोणती एक गोष्ट करून पाहणार आहात, आणि त्यात कोणती अडचण येईल असे वाटते?’ इथे मुद्दाम दोन गोष्टी एकत्र विचारल्या आहेत, कारण लिहायला जागा आहे आणि अडचणीशिवाय लिहिलेला संकल्प आपल्या उपयोगाचा नसतो. दुसरा : ‘परिषदेचा एक तास कमी करायचा झाला तर कोणता भाग वगळावा?’ या प्रश्नाची खुबी अशी की त्यात काही वाईट होते असे म्हणावे लागत नाही. काटकसरीचा सल्ला म्हणून माणूस मोकळेपणाने लिहितो. उद्घाटनाच्या भाषणांविषयी जे कोणी कधीच तोंडावर सांगत नाही, ते या ओळीत बिनदिक्कत लिहून येते.

भाषेविषयी थोडे. पत्रक मराठीत असावे, पण साधनांची नावे आणि पडद्यावर दिसणारे शब्द जसे बोलले जातात तसेच ठेवावेत. ‘लॉगिन’ला ‘प्रवेशसत्र’ लिहिले की वाचणारा अडखळतो. तालुक्यात उर्दू माध्यमाच्या शाळा असतील तर उर्दूतले पत्रकही तयार ठेवावे. मोबाइलवर अनेकांना देवनागरीत टंकलेखन करण्याचा कंटाळा असतो, म्हणून ‘बोलून टाइप केले तरी चालेल, रोमन अक्षरांत मराठी लिहिले तरी चालेल’ असे मोकळ्या प्रश्नाखाली स्पष्ट लिहावे. या एका ओळीमुळे उत्तरे मोठी होतात.

पत्रक तयार झाले की ते तिघांना समोर बसवून भरायला द्यावे आणि स्वतः गप्प राहावे. भरणारा जिथे थांबून आपल्याकडे बघेल, तो प्रश्न पुन्हा लिहावा.

चौथी पायरी : नाव नको, आणि प्रमाणपत्राशी गाठ नको

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये प्रत्येक शिक्षकाने वर्षाला किमान ५० तासांच्या व्यावसायिक विकासात सहभागी व्हावे, अशी अपेक्षा आहे. त्यामुळे प्रमाणपत्राचे महत्त्व वाढले आहे आणि त्याबरोबर एक सोपी युक्तीही रूढ झाली आहे : अभिप्रायाचा फॉर्म भरा, मग प्रमाणपत्र डाउनलोड होईल. यातून जवळजवळ सगळ्यांचे फॉर्म भरून मिळतात, पण प्रमाणपत्रावर छापायला नाव लागते, म्हणजे अभिप्रायावरही नाव आले. नाव आले की भीड आली. मला विचाराल तर दोनशे जणांच्या सक्तीच्या खुणांपेक्षा सत्तर जणांनी मनापासून दिलेली उत्तरे घ्यावीत. प्रमाणपत्रासाठी उपस्थिती पत्रक किंवा वेगळा फॉर्म ठेवावा आणि अभिप्रायाचा फॉर्म त्यापासून पूर्णपणे अलग असावा.

नाव न विचारणे म्हणजे ओळख लपली असे मात्र नाही. गूगल फॉर्ममध्ये ईमेल गोळा करण्याची सोय चालू राहिली असेल तर उत्तरापुढे पत्ता दिसतो. ‘एका व्यक्तीने एकदाच उत्तर द्यावे’ ही मर्यादा घातली की भरणाऱ्याला आपल्या खात्याने लॉगिन करावे लागते; अशा वेळी पत्ता आपल्याला दिसत नसला तरी भरणाऱ्याचा विश्वास उडतो. ही मर्यादा काढून टाकावी. दोन-चार जणांनी दोनदा भरले तरी फारसे बिघडत नाही. याहून सूक्ष्म चूक पार्श्वभूमीच्या प्रश्नांत होते. केंद्र, शाळेचा प्रकार, विषय आणि सेवेची वर्षे हे चार प्रश्न एकत्र आले की द्विशिक्षकी शाळेतला माणूस कोण, हे तालुक्यातल्या कोणालाही ओळखता येते. प्राथमिक की माध्यमिक, आणि फार तर सेवा दहा वर्षांपेक्षा कमी की जास्त, एवढे दोनच प्रश्न ठेवावेत. मोबाइल क्रमांक आणि शालार्थ क्रमांक (वेतनप्रणालीतला शिक्षकाचा ओळख क्रमांक) विचारण्याचे तर काहीच कारण नाही. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला आहे. कायदा बाजूला ठेवला तरी, ज्याची गरज नाही ती माहिती न घेणे हा सांभाळण्याचा सर्वांत स्वस्त मार्ग आहे.

पत्रकाच्या डोक्यावर दोन-तीन वाक्यांत खरे ते सांगावे : ‘यात आपले नाव विचारलेले नाही. उत्तरे संयोजन समितीतील दोघेच वाचतील; सत्राविषयीची उत्तरे फक्त त्या सत्राच्या मार्गदर्शकाला दिली जातील. एकत्रित निष्कर्ष सर्वांना कळवले जातील.’ आणि मग ते तंतोतंत पाळावे.

पाचवी पायरी : योग्य वेळ पकडणे

अभिप्रायासाठी कार्यक्रमपत्रिकेत सात मिनिटे छापावीत, आणि ती समारोपानंतर न ठेवता समारोपाच्या आधी, लोक अजून जागेवर असताना ठेवावीत. सूत्रसंचालकाने ‘आता सात मिनिटे व्यासपीठावरून कोणीही बोलणार नाही’ असे जाहीर करावे. शांतता पडली की लोक लिहितात.

क्यूआर कोड पडद्यावर मोठा दाखवावा आणि छापील कार्डांवरही द्यावा, कारण मागच्या रांगेतून पडद्यावरचा कोड नीट स्कॅन होत नाही. ज्या गावात एरवीच रेंज जेमतेम असते तिथे एका सभागृहात दोनशे मोबाइल एकाच क्षणी फॉर्म उघडू लागले की तो उघडतच नाही. तंत्रज्ञानाच्या परिषदेत हे घडले की सगळे हसतात आणि निघून जातात. म्हणून उपस्थितांच्या निम्म्या संख्येइतकी छापील पत्रके आणि पेन तयार असावेत. भरलेली पत्रके हातात घेऊ नयेत, दाराशी झाकणाची पेटी ठेवावी. संयोजकाच्या हातात कागद देताना माणूस तो आधी एकदा उलटून पाहतो, आणि कधी कधी खिशात घालून घरी नेतो.

त्याच संध्याकाळी लिंक पाठवावी. ती व्हॉट्सॲपच्या मोठ्या ग्रुपवर टाकली की लोक फॉर्म भरण्याऐवजी ग्रुपवरच ‘अप्रतिम आयोजन, संयोजकांचे अभिनंदन’ असे लिहू लागतात. एकाने लिहिले की रांग लागते. त्या ग्रुपमध्ये गटशिक्षणाधिकारी आणि विस्तार अधिकारी असतील तर वेगळे मत तिथे येणे शक्यच नाही. शक्य असेल तर ब्रॉडकास्ट यादीने प्रत्येकाला स्वतंत्र संदेश जाईल असे पाहावे. ज्यांनी आपला क्रमांक मोबाइलमध्ये साठवलेला नाही त्यांना ब्रॉडकास्ट पोहोचत नाही, म्हणून नोंदणीच्या टेबलावरच क्रमांक साठवायची विनंती करावी. संदेश काहीसा असा असावा :

‘नमस्कार. आजच्या परिषदेत आपण दिवसभर वेळ दिलात, त्याबद्दल आभार. पुढच्या वेळी काय वगळावे आणि कशाला जास्त वेळ द्यावा, हे ठरवण्यासाठी आपली मदत हवी आहे. दहा प्रश्न आहेत, चार मिनिटे लागतील, नाव विचारलेले नाही. सभागृहात पत्रक भरले असल्यास पुन्हा भरण्याची गरज नाही.’

तिसऱ्या दिवशी एक आठवण द्यावी, सातव्या दिवशी शेवटची, आणि दहाव्या दिवशी फॉर्म बंद करावा. परीक्षांचे दिवस किंवा निवडणुकीच्या कामाचे दिवस मध्ये येत असतील तर मुदत वाढवावी, पण आठवणी वाढवू नयेत.

सहावी पायरी : फॉर्मबाहेरचा अभिप्राय

परिषदेत सर्वांत प्रामाणिक अभिप्राय पायांनी दिला जातो. प्रत्येक सत्र सुरू झाल्यावर दहा मिनिटांनी आणि संपण्याआधी पाच मिनिटे एका स्वयंसेवकाने डोकी मोजून ठेवावीत. जेवणानंतरच्या सत्रात साठावर सुरू झालेली खोली बावीसवर संपली असेल, तर त्या सत्राच्या पत्रकांवर काय आले आहे याला फारसा अर्थ उरत नाही, कारण कंटाळलेले अडतीस जण पत्रक भरायला थांबलेलेच नाहीत.

तांत्रिक मदतीच्या टेबलावर बसलेल्या माणसाला एक वही द्यावी आणि कोणी काय विचारले ते एका ओळीत लिहायला सांगावे : पासवर्ड आठवत नाही, ॲप जुन्या मोबाइलवर चालत नाही, प्रोजेक्टरला केबल जुळत नाही. दिवसअखेर ही वही पुढच्या परिषदेच्या पहिल्या सत्राचा अभ्यासक्रमच ठरते. याखेरीज नोंदणी करून न आलेल्या आणि दुपारी निघून गेलेल्या आठ-दहा जणांना आठवडाभरात फोन करावा. फोन संयोजन समितीच्या अध्यक्षांनी करू नये. ज्याच्याशी सहज बोलता येईल अशा, शक्यतो त्यांच्याच केंद्रातल्या शिक्षकाने करावा. ‘का गेलात?’ असे विचारले की माणूस बचावात्मक होतो. ‘सर, दुपारची सत्रे कोणत्या वेळी ठेवली असती तर जमले असते?’ असे विचारले की कारण आपोआप बाहेर येते.

सातवी पायरी : उत्तरे वाचणे

प्रथम किती जणांनी उत्तर दिले ते मोजावे. समजा उपस्थिती २४० होती आणि ९६ उत्तरे आली, तर प्रतिसाद ४० टक्के झाला. अहवालाच्या पहिल्या ओळीत हाच आकडा लिहावा आणि ‘सहभागींपैकी ८० टक्के’ असे न लिहिता ‘उत्तर देणाऱ्या ९६ जणांपैकी ७७’ असे लिहावे. त्यानंतर उत्तर देणारे कोण आहेत ते पाहावे : उपस्थितांत निम्मे माध्यमिकचे आणि उत्तरांत मात्र सगळे प्राथमिकचे असतील, तर माध्यमिक शिक्षकांना काय वाटले ते आपल्याला कळलेले नाही, एवढेच प्रामाणिकपणे नोंदवावे.

सरासरीवर विसंबू नये. वीस जणांपैकी दहांनी ५ आणि दहांनी १ दिला तर सरासरी ३ येते, आणि विसांनी प्रत्येकी ३ दिला तरी ३च येते. पहिल्या प्रसंगी खोलीत दोन वेगळ्या पातळ्यांचे लोक एकत्र बसवले गेले होते. दुसऱ्या प्रसंगी सत्रच सपक होते. उपाय अगदी वेगळे आहेत. म्हणून प्रत्येक पर्यायापुढे किती खुणा पडल्या, त्यांची संख्याच मांडावी.

मोकळी उत्तरे दोघांनी स्वतंत्रपणे वाचावीत आणि प्रत्येक उत्तराला ‘वेळ’, ‘उपकरणे’, ‘पातळी’, ‘इंटरनेट’, ‘भाषणे’ अशी सहा-सात लेबले लावावीत. दोघांची लेबले जिथे जुळत नाहीत तिथे उत्तर पुन्हा वाचावे. हल्ली ही सगळी उत्तरे एखाद्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनाला देऊन सारांश काढून घेण्याचा मोह होतो. नावे, गावे आणि शाळा काढून टाकल्याशिवाय तसे करू नये, आणि केले तरी मूळ उत्तरे स्वतः वाचणे टाळू नये. रोमन अक्षरांत लिहिलेली अर्धी मराठी आणि त्यातला तिरकसपणा सारांशात हमखास हरवतो. शब्दांचे रंगीत ढग काढण्याच्या फंदात तर पडूच नये, मध्यभागी भल्यामोठ्या अक्षरांत ‘छान’ दिसेल.

संख्येच्या नियमाला एक अपवाद आहे. एखाद्या दृष्टिबाधित शिक्षकाने आपल्याला पडद्यावरचे काहीच कळले नाही असे लिहिले, किंवा एखाद्या शिक्षिकेने स्वच्छतागृहाला आतून कडी नव्हती असे लिहिले, तर ती तक्रार एकट्याची आहे म्हणून खाली ढकलू नये. असे उत्तर एकच आले तरी त्यावर काम करावे.

आठवी पायरी : काय ऐकले ते परत सांगणे

फॉर्म बंद झाल्यापासून दोन आठवड्यांत, ज्या वाटेने लिंक पाठवली त्याच वाटेने एका पानाचे निवेदन पाठवावे. त्यात काय काय सांगितले गेले, त्यातले काय बदलणार आहोत आणि काय बदलू शकत नाही व का, हे तीनच भाग असावेत. तिसरा भाग गाळू नये. ‘परिषद शनिवारी नको असे अनेकांनी लिहिले, परंतु इतर दिवशी शाळा बंद ठेवावी लागत असल्याने ते शक्य नाही’ असे स्पष्ट सांगितले तर लोकांना वाईट वाटत नाही. काहीच न कळवले तर मात्र पुढच्या वर्षी पत्रक पुन्हा कोरे किंवा ‘अतिउत्तम’ येते. सुलभकांना त्यांच्या सत्राची उत्तरे स्वतंत्रपणे द्यावीत, आणि एखादे उत्तर नुसतेच बोचरे असून त्यातून शिकण्यासारखे काही नसेल तर ते गाळण्याचा अधिकार समितीने वापरावा.

नववी पायरी : दीड महिन्यानंतर

सहा ते आठ आठवड्यांनी केंद्रस्तरावरची मासिक शिक्षण परिषद भरते तेव्हा केंद्रप्रमुखांशी आधी बोलून दहा मिनिटे मागून घ्यावीत. चिठ्ठीवर तीनच प्रश्न असावेत. परिषदेत पाहिलेली कोणती गोष्ट वर्गात वापरली? उत्तराचे पर्याय : वापरली आणि चालू आहे, एकदा वापरून सोडली, प्रयत्न केला पण जमले नाही, वापरली नाही. दुसरा प्रश्न कारणाचा, आणि त्यातही खुणा करायला पर्याय द्यावेत : उपकरण नाही, आहे पण बंद आहे, वीज किंवा इंटरनेट नाही, वेळ मिळाला नाही, शिकवलेले आठवले नाही, मुलांना त्याचा उपयोग वाटला नाही. तिसरा प्रश्न : या कामात पुढचे पाऊल टाकण्यासाठी आत्ता कोणाची मदत हवी आहे?

‘एकदा वापरून सोडली’ हा पर्याय फार मोलाचा आहे. ‘वापरली’ आणि ‘नाही वापरली’ एवढेच विचारले तर हे सगळे लोक ‘वापरली’मध्ये जाऊन बसतात आणि अहवाल सुंदर दिसतो. ‘शिकवलेले आठवले नाही’ या पर्यायावर जास्त खुणा आल्या तर पुढच्या वेळी सत्रे कमी करून प्रात्यक्षिक वाढवावे लागेल. ‘आहे पण बंद आहे’ यावर आल्या तर परिषदेपेक्षा दुरुस्ती करणारा माणूस जास्त गरजेचा आहे आणि ते ग्रामपंचायतीला किंवा शाळा व्यवस्थापन समितीला दाखवायला आपल्या हातात आकडे आहेत. जमल्यास ‘चालू आहे’ असे लिहिणाऱ्या केंद्रांतल्या दोन-तीन शाळांना परवानगी घेऊन भेट द्यावी आणि वर्गात मागच्या बाकावर बसून तासिका पाहावी. तिथे फळ्याशेजारच्या टीव्हीवर जो धूळ साचल्याचा किंवा बोटांच्या ठशांचा पुरावा मिळतो, तो कोणत्याही फॉर्ममध्ये मिळत नाही.

हे सगळे झाल्यावर एक फाइल करून ठेवावी : प्रश्नपत्रकाची मूळ प्रत, पर्यायनिहाय संख्या, डोकी मोजल्याचा तक्ता, मदतीच्या टेबलावरची वही आणि पाठवलेले निवेदन. पुढच्या वर्षी समिती बदलली तरी तेच प्रश्न त्याच शब्दांत विचारले गेले तरच तुलना करता येते, म्हणून कोणता प्रश्न का ठेवला आणि कोणता का काढला हेही एका पानावर लिहून त्यात लावावे. फोन करण्यासाठी घेतलेल्या क्रमांकांची यादी मात्र या फाइलमध्ये ठेवू नये. काम संपल्याच्या दिवशी ती मोबाइलमधून आणि शीटमधून काढून टाकावी.